नाकात ओढलेला अंगारा

देवीचा अंगारा कपाळाला लावतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी शहाणी, चिमूटभर नाकात ओढला. दुखणं आत, तर औषधही आतच गेलं पाहिजे, ही माझी अक्कल! निजामाच्या दप्तरी मोमिनाबाद, आमच्या तोंडी अंबाजोगाई. तिथं योगेश्वरीच्या पायऱ्यांवर मला अशा शिंका सुटल्या की नारळवाले उठून बघू लागले. मग रक्ताची धारच लागली.

"अगं बये, अंगारा नाकात कावून कोंबलास?" सासूबाई ओरडल्या.

आता हसा खुशाल. तेव्हा जीव टांगणीला होता. दोन वर्षं नाक चोंदलेलं, भुवयांच्या मधोमध घण पडायचे. तान्ही लेक रडली की मी तिला दूर लोटायची. या खेपेला गुण आला नाही तर लेक चकलांब्याला नणंदेकडे द्यायची, असं घरात ठरलं होतं. देवी आहे तरी का, असंही मनात येऊ लागलं होतं.

तेवढ्यात कामाला निघालेली एक म्हातारी मुसलमान बाई थांबली. दवाखान्यात आया होती. तिनं माझं नाक चिमटीत धरून रक्त थांबवलं आणि सासूबाईंना म्हणाली, "पोरीच्या नाकात वाराच न्हाई. डॉक्टरकडं चला."

डॉक्टरांनी दिव्याच्या उजेडात पाहिलं. आतलं हाड वाकडं, कापून सरळ करावं लागेल. आधी नथ काढा. सवाष्णीची नथ! मी दोन्ही हातांनी नाक झाकून बसले. पण माझ्या त्या कडक सासूबाईंनीच देवीचं नाव घेऊन नथ उतरवली आणि आपल्या पदराला गाठ मारून ठेवली. त्या गाठीकडे बघत मी डोळे मिटले. त्या दिवशी पहिल्यांदाच देवीकडे काही मागितलं नाही.

औषधानं नाक बधिर झालं. हाड खरवडल्याचा आवाज तेवढा आला. काही दिवसांनी नाकात भरलेले कापसाचे बोळे निघाले आणि लेकीच्या टाळूवरच्या तेलाचा वास आला. माझ्या लेकीचा वास मला तोवर ठाऊकच नव्हता! डोकेदुखीही हळूहळू उतरली. लेक माझ्याच मांडीवर वाढली.

ती बाई नेमकी तेव्हाच तिथून का जात होती, हे मी कुणाला पटवत बसत नाही. देवीला रस्ता दाखवायचा नसतो, मुकाट मागं चालायचं असतं, एवढंच कळलं.

दवाखान्यातून घरी निघताना मी आयाबाईच्या पाया पडायला वाकले, तर तिनं खांदे धरून मला उभं केलं.

"वाकू नको गं पोरी, रक्त येईल. आठ दिस देवीपुढंबी वाकायचं न्हाई. हुबं राहूनच हात जोड. तिला समजतंय."