दोन्ही बाह्या डाव्या

धुंदलवाडीच्या बाजूला त्या हिवाळ्यात जमीन हलायला लागली आणि लडक्याने बायकोची, संगिताची, शिलाई मशीन घरातून उचलून शेतात आणली. भिंतींना तडे गेले होते. अंगावर कौलं पडण्यापेक्षा थंडी खाल्लेली बरी, म्हणून सगळा पाडाच ताडपत्रीखाली झोपायला आला होता.

झोपायला म्हणायचं एवढंच. डोळा लागतो न लागतो तोच जमिनीतून गुरगुर यायची, भांडी वाजायची, पोरं रडायची. होळी येईपर्यंत संगिताची अशी गत झाली की सुईत दोरा ओवताना तिला नेढी दोन दिसत.

शिवण तिला कुणी हात धरून शिकवलं नव्हतं. लग्नाआधी ती उंबरगावला एका कंपनीत जायची. तिथे दिवसभर फक्त कॉलर. ती कॉलर ज्याला लागायची तो शर्ट तिने कधी पुरता पाहिला नाही. मग एकदा तिने स्वतःचा जुना ब्लाउज उसवला, पाठ, पुढचे भाग, बाह्या, पट्टी सगळं वर्तमानपत्रावर ठेवून आखलं आणि पुन्हा जोडलं. तेवढ्यावर पाड्यातल्या बायका तळासरीला जायचं सोडून तिच्याकडे यायला लागल्या.

पण शेतात मशीन सरळ उभी राहीना. लडक्याने खाली चपटे दगड घातले, तरी पाय मारला की ती डुलायची आणि दोरा तुटायचा.

अशात शेजारच्या नवशीच्या पोरीचं, निलमचं लग्न ठरलं. नवशीने तिच्या ब्लाउजसाठी बाजारातून टिकल्यांचं लाल कापड आणलं. संगिताने पाठ कापली, पुढचे भाग कापले, टक्सच्या खुणा केल्या. बाह्यांना कापड दुहेरी पुरेना, म्हणून एकेरीवर कागद ठेवून एक बाही कापली. दुसऱ्या बाहीला कागद उलटा ठेवायचा असतो. ही पहिल्या दिवशी शिकायची गोष्ट. संगिताने तो तसाच ठेवला आणि कात्री चालवली.

कच्चा टाका घालताना कळलं. मुंढ्याचा, म्हणजे खांद्याला जोडायच्या कडेचा, खोल बाक पुढून यायला हवा; उजव्या बाहीचा तो पाठीकडे जात होता. बाही उलटी केली तर टिकल्या आत जायच्या. दोन्ही बाह्या डाव्या, आणि कापड संपलेलं. तिला रडूही आलं नाही. बाही मांडीवर घेऊन ती नुसती बसून राहिली.

नवशी आली तेव्हाही ती तशीच होती.

"काय झालं, बाय? अशी काय बसलीस?"

"चुकले, नवशीबाय. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. दुसरं कापड आणून देते."

"कुठून आणशील? दुकानात तो शेवटचाच तुकडा होता." नवशी तिच्याजवळ मातीत बसली. "काल मी भातात मीठ दोनदा घातलं. पोरांनी गुपचूप खाल्लं. डोकं कुठे जागेवर आहे कुणाचं?"

"लग्नाचं कापड गेलं ना पण."

"गेलं कुठे? हे काय इथंच आहे. कर काहीतरी. पण आधी जरा पड."

पडायला वेळ नव्हता. संगिताने उजव्या बाहीचा पुढचा वाढीव भाग कापून टाकला. मागे कमी पडलं तिथे चिंध्यांच्या पिशवीतलं मरून कापड घेतलं आणि काखेत चौकोनी तुकडा, चौबगला, बसवला. रंग जुळत नव्हता. हात खाली असला की दिसत नाही, असं तिने स्वतःलाच समजावलं.

निलमने ब्लाउज घालून पाहिला. उजवा हात सहज वर गेला. डावा काखेत अडला.

"काकी, ह्या बाजूलाही तसलंच लाव ना. नाचताना ओढतंय."

संगिताने चांगली जमलेली डावी बाही उसवायला घेतली. तिला हसू फुटलं. मग हसायचाही कंटाळा आला.

लग्नाला ती गेली ती ब्लाउज बघायला म्हणूनच. लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी सुरू झाली. संगिता मांडवाच्या खांबाला टेकली आणि तिथेच तिचा डोळा लागला. नाच झाला, पंगत उठली. लडक्या तिला हलवायला वाकला, तर नवशीने त्याला अडवलं.

"झोपू दे तिला. ताट झाकून ठेवलंय मी."

संगिता जागी झाली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि निलम सासरी निघून गेली होती. मांडवात वाकळा गोळा करणं चाललं होतं. संगिताने ताट ओढलं. वरण गार झालं होतं. तिने सगळं संपवलं आणि अजून थोडा भात मागून घेतला.