भावाच्या गाडीचा आवाज

थोरला भाऊ गेल्यावर त्याची गाडी माझ्याकडे आली. त्यानं इंजिनात रेसवाली कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा, बसवली होती. उभ्या गाडीचं इंजिन अडखळत धडधडायचं. धुराच्या तपासणीत गाडी नापास झाली.

मिस्त्री म्हणाला, "भैया, ह्या कॅमशाफ्टनं व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात, कच्चं पेट्रोल न जळताच बाहेर जातं. जरा हलकी घ्या. गाडी ओढेल बी, पास बी होईल."

तशी हलकी कॅमशाफ्ट बसवून घेतली. गाडी पास झाली, इंजिन एका लयीत चालू लागलं.

संध्याकाळी आईला घेऊन नदीवरच्या राजघाटावर गेलो, इंजिन बंद केलं. तेवढ्यात मागून तीच जुनी अडखळती धडधड आली. वळून पाहिलं तर रस्ता रिकामा.

आईनं माझं मनगट घट्ट धरलं. "आला रे तो," ती हळूच म्हणाली.

आवाज थांबेपर्यंत आम्ही जागचे हललो नाही.