तिसऱ्या मजल्यावरचा हिवाळा

माझे भावोजी एसीचे मेकॅनिक होते. पगारापुरते. एरवी ते माळी होते आणि त्यांची बाग आमच्या ऑफिसच्या तीन मजल्यांवर पसरलेली होती. त्या बागेत आम्ही कर्मचारी अधूनमधून वजनकाटेही तपासायचो.

दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासायची, खरी निघाली तर दाखला द्यायचा, हे आमच्या ऑफिसचं काम. इमारत जुनी, लिफ्ट एक, आणि प्रत्येक मजल्याचं एसी यंत्र वेगळं. तिन्ही यंत्रांच्या किल्ल्या भावोजींच्या कमरेला. कुठे किती गार ठेवायचं हे तेच ठरवत, आणि ठरवताना माणसांना विचारत नसत, झाडांना विचारत.

पहिल्या मजल्यावर निवडुंग होते. निवडुंगाला कोरडी हवा लागते, म्हणून तो मजला बारा महिने खडखडीत कोरडा. तिथल्या लोकांचे ओठ फुटलेले असत आणि ते बोलण्याआधी पाणी पीत. दाखल्यावर तिकीट चिकटवायचं तर कुणाच्याच जिभेला ओल नसे, मग दुसऱ्या मजल्यावरून माणूस बोलवावा लागे. दुसऱ्या मजल्यावर नेचे आणि ऑर्किड. तिथली हवा इतकी दमट, की हेडक्लार्कच्या खणात एकदा अळंबी उगवली. त्यांनी ती उपटली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला खण उघडून दाखवायचे आणि म्हणायचे, "आपोआप आली हो, मी काहीच केलं नाही." बाकीचं काम बघता ते खरंच होतं.

आणि तिसरा मजला गार. गार म्हणजे शून्य अंश. लिफ्टवाला मजल्यांचे आकडे सांगायचं कधीच विसरला होता. दार उघडलं की तो नुसता ओरडायचा, "उन्हाळा! पावसाळा! हिवाळा!"

मी हिवाळ्यात बसायचे.

यातला अन्याय कळायला माझी थोडी माहिती हवी. मी आणि माझी ताई, आम्ही मूळच्या डोंगरातल्या. आमच्या गावात वर्षातले सहा महिने बादलीतलं पाणी फोडून काढावं लागतं. मला त्या थंडीचा मनापासून राग. ताईचं लग्न या गरम शहरात झालं तेव्हा मला तिचा हेवा वाटला. सोळा वर्षांनी का होईना, इथलीच नोकरी मिळवली, बोचकं बांधलं आणि थंडीच्या नावानं आंघोळ करून मोकळी झाले. पहिल्या दिवशी ऑफिसात गेले तर टेबलावर हजेरीपट, शाईची बाटली आणि कानटोपी. शाई गोठलेली होती.

मग रस्त्यावर घामाच्या धारा आणि ऑफिसात स्वेटर, मफलर, हातमोजे, असा माझा जन्म चालला. दर रविवारी ताईकडे गेले, की भावोजींशी भांडायचे.

"भावोजी, माझी बोटं बघा. निळी पडलीत."

"यंत्र जुनं आहे, मेव्हणीबाई. त्याच्या मनाला येईल तसं चालतं."

"मग खालच्या मजल्यावर कसं मनासारखं चालतं?"

"ते यंत्र समजूतदार आहे," असं म्हणून ते चहाचा कप घेऊन गॅलरीत जात. गॅलरीत चार रिकाम्या कुंड्या होत्या. ताईचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि चाळीस अंश. तिथे गवतसुद्धा तग धरत नसे. त्यामुळेच माणसानं घरची हौस ऑफिसात भागवली, असं मी समजून चालले होते.

बागकामाबद्दल मात्र त्यांच्याशी बोलावं. ते म्हणायचे, "कोरड्या हवेत कीड नाही, सुख आहे. पण फूल सात वर्षांतून एकदा, तेही रविवारी, ऑफिस बंद असताना. दमट हवेत सगळं येतं, हेच दुखणं आहे. जे नको तेही येतं. थंड हवेत तण नाही, किडा नाही, बुरशी नाही. काहीच नाही. माळ्याला एवढा आराम कुठेच नाही."

लोकांनाही सवय झाली होती. कुणाचे सांधे धरले की तो डॉक्टरचं पत्र आणून उन्हाळ्यात बदली मागायचा. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंच्या नाकातून रक्त यायचं, त्यांना हवापालटासाठी पंधरा दिवस पावसाळ्यात पाठवलं. त्या तिथेच रमल्या. मी नऊ वेळा अर्ज केला. नऊही वेळा उत्तर आलं, की मूळच्या थंड प्रदेशातल्या कर्मचाऱ्याला तिसरा मजलाच मानवेल.

आमच्या मजल्यावर झाड असं काही दिसत नव्हतं. कोपऱ्यात खिडकीशी एक निळं पिंप होतं, त्यात माती, आणि मातीत कमरेएवढी काटकी. चार फांद्या, पाचसहा मरतुकडी पानं. आम्ही सगळे तिच्यावर छत्र्या अडकवायचो. मी तर सात वर्षं माझा मफलर तिलाच अडकवत होते. जेवणाच्या सुट्टीनंतर बघावं तर मफलर घडी घालून खुर्चीवर ठेवलेला. मला वाटायचं शिपाई भला माणूस आहे.

मग नवे साहेब आले.

ते अंगानं किडकिडीत आणि कामाला उत्साही होते. पहिल्याच सकाळी त्यांनी तिन्ही मजले पायी पाहिले. पहिल्यावर त्यांचा ओठ फुटला, दुसऱ्यावर चष्म्यावर धुकं धरलं आणि ते ऑर्किडला नमस्कार करून आले. तिसऱ्यावर त्यांना जी शिंक आली ती चार दिवस थांबली नाही. पाचव्या दिवशी हुकूम निघाला: महिनाअखेर जुनी यंत्रं काढणार, सगळ्या इमारतीला एकच नवं यंत्र बसणार, सगळीकडे चोवीस अंश. बटण साहेबांच्या खोलीत.

मी आनंदानं टाळी वाजवली. हातमोज्यांमुळे ती ऐकू आली नाही.

पण इमारत पेटली. ज्यांनी जन्मभर तक्रारी केल्या, तेच निवेदनं लिहायला बसले. पहिला मजला म्हणाला, आमची कातडी आता या हवेची झाली. दुसरा म्हणाला, अळंबीचं काय? आमच्या मजल्यावरचा शिपाई म्हणाला, चोवीस अंशांत माणूस सडतो.

त्या दुपारी भावोजी माझ्या टेबलाशी आले. अकरा वर्षांत ते कधी ऑफिसच्या वेळात माझ्याशी बोलले नव्हते, नातेवाईक आहोत हे दिसू नये म्हणून. ते उभेच राहिले. हातात माझा मफलर होता.

"मेव्हणीबाई, साहेबांना सांगून बघता? एक मजला तरी राहू द्या म्हणावं."

"मी? मी तर नारळ फोडायला..." मी म्हणता म्हणता थांबले. त्यांचे डोळे भरले होते. "काय झालं?"

त्यांनी पिंपाकडे बोट केलं. "ते सफरचंद आहे."

"ती छत्र्यांची काठी?"

"अकरा वर्षांचं आहे. तुमच्या ताईसाठी."

मग खिडकीशी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ताईच्या अंगावर घामोळं उठलं. ती पंख्याखाली बसून रडली आणि म्हणाली, "जिथं सफरचंदाला फूल येत नाही, तिथं माणसानं राहायचं कसं?" आणि तिनं ट्रंकेतून काढलेले कपडे परत ट्रंकेत ठेवले.

ती ट्रंक मला माहीत होती. माहेरची हिरवी ट्रंक, पलंगाखाली. ताई रोज सकाळी वाकून ती ओढायची, नेसायचं-घालायचं काढायची, संध्याकाळी घडी करून परत ठेवायची. मला वाटायचं ही तिची शिस्त.

"सत्तावीस वर्षं झाली," भावोजी म्हणाले. "अजून ट्रंक रिकामी केली नाही. कधीही उठून जाईल अशी राहते. मी म्हटलं, फूल दाखवू. मग तरी..." त्यांनी हातातल्या मफलरची घडी घातली. "दोन महिन्यांत मी निवृत्त होतोय. जरा आणखी थंडी मिळाली असती तर आलंच असतं."

मला त्यांचा भयंकर राग आला. माझी अकरा वर्षांची बोटं, गोठलेली शाई, नऊ अर्ज. एका वाक्यासाठी एका माणसानं सगळा मजला गोठवला होता. तरीही मी निवेदनाचा कागद मागवून घेतला आणि सगळ्यात वर सही केली.

साहेबांनी निवेदनं वाचली नाहीत. शिंकत शिंकत त्यांनी नवं यंत्र सुरू केलं.

चोवीस अंशांनी हाहाकार उडाला. पहिल्या मजल्याला सर्दी झाली, दुसऱ्याला खोकला. निवडुंग मऊ पडले, नेचे करपले. अळंबी गेली आणि हेडक्लार्क दोन दिवस रजेवर गेले. लिफ्टवाला दार उघडून नुसता बघत राहायचा, काय ओरडावं हे त्याला सुचेना. मी आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात बोटं हलवून टाइप करत होते, पण पिंपाकडे बघायची हिंमत होत नव्हती. भावोजी तर तिसऱ्या मजल्यावर येईनातच.

दहाव्या दिवशी शिपाई छत्री अडकवायला गेला आणि ओरडला. काटकीवर गुलाबी ठिपके होते. मी मोजले. अकरा कळ्या.

भावोजींना बोलावलं. ते जिन्यानं धावत आले, गुडघे टेकून बसले. मग त्यांनी, ज्याच्याकडून रोप आणलं होतं त्या रोपवाटिकेच्या मालकाला फोन लावला. तो फोनवर इतक्या मोठ्यानं बोलत होता, की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"थंडी दिली ना? बरोबर. मग ऊब कधी दिली?"

"ऊब कशाला?"

"अहो, थंडीनंतर ऊब लागते तेव्हा फूल येतं! तुम्ही किती थंडी दिली?"

"अकरा वर्षं."

पलीकडून तो म्हणाला, "अति तिथे माती, राव."

भावोजी जन्मभर गार करायलाच शिकले होते. काही बिघडलं, की आणखी गार करायचं, एवढाच उपाय त्यांना ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी फुलं उमलली. ताईला आणायचं काम माझ्याकडे आलं. तिसऱ्या मजल्याची थंडी घरात इतकी गाजलेली, की ताई म्हणाली, "थांब, शाल घेते." शाल ट्रंकेच्या तळाशी. लग्नानंतर कधी लागलीच नव्हती. ताईनं एकेक करत सगळे कपडे बाहेर काढले, पलंगावर ढीग झाला, तेव्हा शाल हाती लागली. कसरीनं तिची जाळी केली होती. तशीच पांघरून ती निघाली.

लिफ्टचं दार उघडलं. लिफ्टवाल्यानं तिच्याकडे, पिंपाकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, "वसंत."

सगळा मजला उभा होता. खालचे दोन मजलेही आले होते. ताई पिंपापाशी गेली, वाकली, फुलांना नाक लावलं. भावोजी भिंतीला टेकून होते, साक्षीदारासमोर गुन्हेगार उभा असतो तसे.

ताई शहारली. "बाई गं, काय गारठा आहे इथं!" चोवीस अंशांत तिचे दात वाजत होते. "अहो, हे झाड कुणाचं?"

"तुझं," भावोजी म्हणाले. "तू म्हणाली होतीस ना. सफरचंदाला फूल येत नाही तिथं..."

"मी? कधी?"

"लग्नानंतर. घामोळं आलं होतं तेव्हा. मग ट्रंक भरून ठेवलीस."

ताईनं आठवून पाहिलं. तिला खरंच काही आठवत नव्हतं. घामोळं मात्र आठवलं.

"अहो, ट्रंक भरून ठेवू नको तर काय करू? घरात कपाट कुठंय?"

"कपाट?"

"सत्तावीस वर्षं वाकून वाकून कंबर गेली माझी. म्हटलं, आज करतील, उद्या करतील. तुम्ही विषयच काढत नाही. मला वाटलं तुमच्या मनात नसेल."

"मला वाटलं तुला राहायचंच नाही. जाणाऱ्या माणसाला कपाट कशाला..."

कुणीच हसलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या एक बाई पाणी प्यायल्या. ताईनं शाल घट्ट ओढली, भावोजींचा हात धरला आणि म्हणाली, "चला आता घरी. मला थंडी सोसत नाही."

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसनं पिंप भावोजींना भेट दिलं. चार माणसांनी ते पत्र्याखाली चढवलं. झाडानं चाळीस अंश सहा दिवस सोसले. सातव्या दिवशी शेवटचं पान गळालं.

रविवारी मी गेले तेव्हा सुतार आला होता. त्यानं खोली मापली आणि म्हणाला, कपाट बसेल ते याच कोपऱ्यात, हे पिंप उचला. ताई म्हणाली, पिंप हलणार नाही. सुतारानं भावोजींकडे पाहिलं, भावोजींनी छताकडे. तो टेप गुंडाळून निघून गेला.

आता ताईचे कपडे त्या काटकीवर असतात. रोजचे खालच्या फांद्यांवर, जाण्यायेण्याचे वर, जाळी झालेली शाल शेंड्याला. वाकावं लागत नाही. ट्रंकेत भावोजींची हत्यारं गेली आहेत. मागल्या रविवारी घामाघूम होऊन आले आणि सवयीनं माझी ओढणी तिथं अडकवली. चहा घेऊन बघते तर ओढणी घडी करून माझ्या मांडीवर, आणि भावोजी गॅलरीत, पाठ करून.