लाल पट्टी

आमच्या बुलढाण्याच्या कॉलेजात पुण्याहून अर्थशास्त्राचे नवे सर आले. त्यांना तक्त्यांचं भारी वेड. ग्रंथालयातली कोणती पुस्तकं कोण किती नेतं, ते त्यांनी भल्यामोठ्या कागदावर रंगवून भिंतीला लावलं. निळ्या पट्ट्या मुलांच्या, लाल मुलींच्या. निळ्या हातभर, लाल बोटभरही नाहीत!

"मुली वाचतच नाहीत," सर म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

वाचत नाहीत म्हणे! अहो, पुस्तकांच्या खिडकीवर पोरांची ही झुंबड. तिथं मुलींनी उभं राहायचं नाही, हा तेव्हाचा रिवाज. शिपाईकाका पुस्तकं मुलींच्या खोलीत आणून द्यायचे, आम्ही तिथंच बसून वाचायचो, आणि संध्याकाळी ते ती कपाटात परत ठेवायचे. त्या पुस्तकांवर खिडकीवरचा शिक्का कोण मारतो? आणि सरांनी मोजले ते नुसते शिक्के.

तक्ता बघून कॉलेजच्या समितीनं ठरवलं, मुली वाचत नाहीत तर त्यांच्या खोलीत मुलांसाठी टेबलटेनिस मांडायचं. त्या खोलीवर माझ्या मैत्रिणीचं सगळं शिक्षण टांगलेलं. ती डोणगावची, इथं मामाकडे राहायची. मुलींना बसायला वेगळी जागा आहे म्हटल्यावरच तिच्या वडिलांनी तिला पाठवलं होतं.

मी तिला घेऊन सरांकडे गेले. शिक्क्यांचा घोळ समजावून सांगितला. ते हसले.

"आकडे खोटं बोलत नाहीत, बाई."

"पण सर, आम्हाला कोणी विचारलं का?"

"फार तोंड चालतं तुमचं," म्हणाले, आणि विषय संपला. मैत्रीण शेजारी मान खाली घालून उभी होती.

आठवड्याभरात तिचे वडील आले. खोलीत पोरांचा धिंगाणा चाललेला. त्यांनी दारातूनच पाहिलं.

"हे शिकून राह्यली का तू इथं? चाल घरी."

"बाबा, परीक्षेपर्यंत तरी राहू द्या ना मले."

"बस झालं."

ती रडलीसुद्धा नाही. माझ्याकडे न बघता त्यांच्या मागून एसटी स्टँडकडे गेली. मला मात्र त्या तक्त्याच्या चिंध्या कराव्यात असं वाटलं, आणि केल्या नाहीत याचा आजही संताप येतो.

पुढच्या वर्षी सरांनी नवा तक्ता लावला. मी मुद्दाम जाऊन पाहिला. लाल पट्टी होती तेवढीच होती. माझी मैत्रीण गेली म्हणून ती केसभरही कमी झाली नव्हती.