चिखलात घालायचा किल्ट

"मी शिवते!" असं मी कुंपणावरून ओरडून सांगितलं, तेव्हा मी आयुष्यात किल्ट जवळून पाहिलासुद्धा नव्हता.

आम्ही नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात राहायला आलो आणि महिन्याभरात लॉकडाऊन लागलं. नवऱ्याचं ठीक होतं. त्याचं ऑफिस आइंडहोवेनहून उठून आमच्या वरच्या खोलीत आलं आणि दिवसभर जिन्यावरून 'यू आर ऑन म्यूट' ऐकू यायला लागलं. माझी मात्र या गावात एकाच बाईशी ओळख झाली, शेजारणीशी. तीही कुंपणाच्या अलीकडून-पलीकडून, दीड मीटर अंतर राखून. वर्ष उलटून गेलं तरी आम्ही एकमेकींचा हात हातात घेतला नव्हता.

त्या दिवशी ती नुसती उसळत होती. तिच्या धावणाऱ्या मैत्रिणींनी शरद ऋतूतल्या चिखलशर्यतीत नाव घातलं होतं. दोरांखालून सरपटायचं, भिंती चढायच्या, चिखलाच्या खड्ड्यांतून पळायचं, आणि हे सगळं स्कॉटलंडचे पुरुष घालतात तसे चुण्यांचे, चौकड्यांचे स्कर्ट, म्हणजे किल्ट, घालून! "ये ना तूही आमच्यात," ती म्हणाली. "पण आधी किल्टचं काहीतरी करायला हवं. लोकरीचे भिजले की उचलवत नाहीत." ये ना आमच्यात! हे वाक्य ऐकायला मी किती तरसले होते, ते माझं मला त्या क्षणी कळलं. 'मी शिवते' तोंडातून निघून गेलं. हे जमलं तर मी त्या बायकांतली एक होणार होते. नाही जमलं तर पुन्हा कुंपणाअलीकडून हात हलवणारी बाई.

"शिवशील गं, पण धावणार कशी? तू बस पकडायलासुद्धा पळत नाहीस," नवरा म्हणाला. असं डिवचलं की माझ्या अंगात येतं.

शनिवारच्या बाजारातून कापडाचे तुकडे आणले आणि मागच्या अंगणात बादलीत चिखल कालवला. नवरा दोन मीटिंगांच्या मध्ये स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन हजर. इंजिनिअरला काहीतरी मोजायला मिळालं की त्याला जेवण नको. लोकरीचा तुकडा मोठा राजबिंडा, पण बुडवला तर इतका चिखल प्यायला की काटाच गप्प झाला. सुती कापड त्याहून वाईट. भिजलं की मांड्यांना असं चिकटे की पाऊल उचलेना. मग तंबूचं नायलॉन. ना पाणी धरत होतं, ना वजन! मी नाचायच्याच बेतात होते. पण त्याच्या चुण्या काही केल्या बसेनात. कितीही इस्त्री फिरवा, फुगा तो फुगाच. "वाऱ्यानं डोक्यावर गेला तर?" नवऱ्यानं गंभीरपणे विचारलं. "मुळात आत काय घालतात?" मी त्याला चिखलाची बादली दाखवली. तो मुकाट्यानं मीटिंगला गेला.

उत्तर पोळ्या लाटताना सापडलं. शाळेचा गणवेश! टेरिकॉटचा चुण्यांचा स्कर्ट! खो-खो खेळून मी मातीत लोळून यायचे, आई तो नळाखाली धरून दोन हिसके द्यायची आणि जेवणं उरकेपर्यंत तो वाळलेला असायचा, चुण्या जिथल्या तिथे. अर्धी पोळी तव्यावर सोडून सायकल काढावीशी वाटली. पुढच्या शनिवारी कापडवाल्याकडे ढीग उपसला आणि तसंच निघालं, पॉलिएस्टर जास्त असलेलं पँटचं कापड, हिरव्या चौकड्यांत लाल रेघ. बादलीत बुडवलं, वर काढलं, झटकलं. चिखल पडला की खाली! सगळा! मी अशी किंचाळले की वरच्या खोलीतली मीटिंग खरंच म्यूट झाली.

मग काय विचारता, घरात लगीनघाई. मापं व्हॉट्सअ‍ॅपवर आली. चुण्यांना मी मोजपट्टी लावलीच नाही. साडीच्या निऱ्या घालतो तशा बोटांवर घेतल्या आणि टाचत गेले. कमरेला रुंद पट्टा, त्याला वेल्क्रो, शिवण दुहेरी. तयार किल्ट पिशव्यांत घालून एकेकीच्या दाराला अडकवून आले, कारण आत जायची अजून सोय नव्हती.

सगळ्या मिळून पहिल्यांदा घातले ते सरावाला, गावाबाहेरच्या रानात. जिकडे बघावं तिकडे माझ्या चौकड्या! ऊर भरून आला. आम्ही दोराखालून पोटावर सरपटत पलीकडे निघालो, उभ्या राहिलो, आणि बघतो तर प्रत्येकीची चिखलानं ओटी भरलेली. निऱ्यांनी पोटाशी एवढा चिखल गोळा केला होता की एकीला चालता येईना.

"किल्टच्या चुण्या खरं तर मागे असतात," शेजारीण हळूच म्हणाली. "पुढची बाजू सपाट असते."

"मग आधी का नाही बोललात?"

"आम्हाला वाटलं, तुमच्याकडची पद्धत असेल."

एरवी तोंडावर फटकन बोलणाऱ्या या बायका, नेमक्या तेव्हाच यांना सभ्यपणा सुचला! कप्पाळ माझं. जन्मभर निऱ्या पोटाशी खोचलेल्या, हातांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. संपलं, म्हटलं, आता आपण आणि आपलं कुंपण. मग स्वतःचाच असा राग आला की तिथंच टर्रकन वेल्क्रो उघडलं. आत चड्डी होती म्हणून बरं. किल्ट झटकला, निऱ्या मागे घेऊन गुंडाळला आणि पुन्हा दोराखाली घुसले. सपाट बाजूवरून चिखल सरकत गेला. मी पलीकडून उठले तर ओटी रिकामी! बायकांनी अशी आरोळी ठोकली की झाडांवरची पाखरं उडाली. पाठोपाठ सगळीकडे टर्रकन, टर्रकन.

शर्यतीच्या आधी थोडेच दिवस दीड मीटरचा नियम उठला होता. चिखल नाकातोंडात, श्वास भात्यासारखा, पण मी धावत होते! शेवटची लाकडी भिंत मात्र चढवेना. मी अर्ध्यावर लोंबकळत राहिले. वरच्या फळ्यांवर शेजारीण पालथी पडून मला हात देत होती. माझा चिखलानं माखलेला हात तिच्या हातातून दोनदा निसटला, तेव्हा तिनं सरळ वाकून माझा कमरेचा पट्टा मुठीत धरला.

"अगं, फाटेल!"

"तूच शिवलायस ना?" म्हणाली आणि ओढलं.

एक टाका उसवला नाही. मी धप्पकन वर तिच्या अंगावरच पडले आणि दोघी एकमेकींना घट्ट धरून वेड्यासारख्या हसत सुटलो. मला रडूही येत होतं. चिखलात काय कळतंय. तेवढ्यात खालून दुसरी ओरडली, आता मला घ्या! मी पालथी पडले, खाली वाकले आणि तिचा पट्टा मुठीत धरला.