आबांचा फॉर्म भरला नव्हता

भावाचा फोन आला तेव्हा मी एका काकूंच्या कानाचा साचा घेत होते. साचा म्हणजे कानात मऊ गुलाबी लगदा भरायचा, तो घट्ट झाला की काढायचा आणि त्या मापाने श्रवणयंत्राचा कानात बसणारा भाग करून घ्यायचा. ती पाच मिनिटं मध्येच थांबता येत नाही. फोन तीनदा वाजला.

“अक्का, ती पोस्ट काढी टाक,” प्रकाश म्हणाला. घरी आम्ही अहिराणीच बोलतो.

“का रे?”

“काढीसन बी उपेग नही. शाम्यानी पारवर बठ्ठासमोर वाची दखाडी. नामदेव नाना घर ईसन बसेल शे.”

मी आबांवर, म्हणजे आमच्या वडिलांवर, लिहिलेली पोस्ट गावातल्या शाम्याने पारावर सगळ्यांना वाचून दाखवली होती, आणि गावचे नामदेव नाना आमच्या घरी येऊन बसले होते. काकूंचा दुसरा कान राहिला होता, तो मी दुपारवर ढकलला.

धुळ्यात देवपूरला माझं क्लिनिक आहे. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणारी. दोन वर्षं फेसबुकवर मशीनचे फोटो टाकत होते. लाईक द्यायला नणंद आणि मेडिकलवाले, बस. मग जळगावला एका वर्कशॉपला गेले. तिथले सर म्हणाले, “मॅडम, मशीन कोण बघणार? तुमची स्वतःची गोष्ट सांगा. जे सांगायची लाज वाटते, तेच लिहा.”

मला लाज वाटत होती ती आबांची. म्हणजे आबांची नाही, माझी. मी लोकांचे कान तपासत राहिले आणि माझ्या वडिलांना कित्येक वर्षं नीट ऐकू येत नव्हतं, हे मला कळलंच नाही. वयाने कान जातात तेव्हा एकदम शांतता होत नाही. बारीक, टोकदार आवाज आधी जातात. ‘क’, ‘स’, ‘त’ गळतात. कोणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मग माणूस मान हलवतो.

आबा गावातली बांधाबांधाची भांडणं मिटवायचे. दोन्ही बाजू आमच्या ओसरीवर बसायच्या. माय लसूण सोलत दाराशी असायची. “सकायले सांगस,” उद्या सांगतो, म्हणून आबा सगळ्यांना उठवायचे. घाई न करणारा माणूस, असं नाव होतं त्यांचं. खरं म्हणजे रात्री जेवताना माय त्यांना कोण काय म्हणालं ते सगळं कानाशी सांगायची, तेव्हा निवाडा व्हायचा.

हे सगळं मी पोस्टमध्ये लिहिलं, लसणासकट. दोन महिन्यांपूर्वी मी त्यांना मशीन बसवलं, ते घरात घालतात आणि बाहेर जाताना काढून ठेवतात, हेही लिहिलं. पोस्ट तुफान चालली. अनोळखी माणसं डोळ्यांत पाणी आलं म्हणून लिहीत होती. मी खुशीत होते.

प्रकाशचा फोन ठेवला आणि मी गाडी काढून साक्रीच्या रस्त्याने गावी निघाले. नानांची भीती नव्हती. आबा माझ्याकडे बघणारच नाहीत, याची होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाकडे शब्दाशिवाय होतं काय? तो मी काढून घेतला होता. घरासमोर गाडी उभी केली आणि उतरायचा धीर होईना.

ओसरीवर आठ-दहा जण होते. नाना एका बाजूला, त्यांचा चुलतभाऊ तुकाराम दुसऱ्या बाजूला. त्या दोघांच्या शेतांमधल्या खुणेच्या दगडाचा निवाडा आबांनी मागच्या वर्षी जागेवरच, शेतात उभं राहून केला होता. दगड आहे तिथेच बरोबर, असा. तुकारामच्या बाजूने.

नाना शांतपणे बोलले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. “आबा, एकच इचारस. त्या दिन बांधवर वहिनी नव्हती. मंग मन्हं तुम्ही काय ऐकं?”

वहिनी म्हणजे माय. आबांच्या कानात मशीन नव्हतं. त्यांनी सवयीने मायकडे पाहिलं. मायने मान खाली घातली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“बाई, मशीन लाई दे.”

सगळ्यांसमोर. मी रोज दहा जणांना मशीन घालते, पण त्या दिवशी मला कान सापडेना. आबांनी माझं मनगट धरून कानाशी नेलं.

“आते सांग, नामदेव. पहिलेपासून.”

नानांनी सांगितलं. नाल्याच्या कामाला जेसीबी आली तेव्हा दगड हलला. ज्यांनी परत रोवला त्यांनी तो नानांच्या रानात सरकवून रोवला.

“हाई तू तवय सांगं व्हतं?”

“सांगं व्हतं. तुम्ही मान हालाई.”

आबांनी कानातल्या मशीनला बोट लावून पाहिलं. मशीनमध्ये माणसाला स्वतःचा श्वासही मोठा ऐकू येतो, हे मी पेशंटना आधीच सांगते.

“मन्हा निवाडा चुकना,” आबांनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली.

तुकाराम चप्पल घालून निघून गेला. पुढे सरकारी मोजणी झाली, दगड दीड हात नानांच्या रानात निघाला. त्यानंतर आमच्या ओसरीवर भांडण घेऊन कोणी आलेलं नाही. आबा आता दिवसभर मशीन घालतात, आणि ऐकायला ओसरीवर कोणी नसतं. मला ते बघवत नाही.

वर्कशॉपच्या सरांचं चुकलं नव्हतं. क्लिनिकमध्ये पेशंटचा नुसता फोटो टाकायचा तरी मी संमतीच्या फॉर्मवर सही घेते. आबांचा फॉर्म भरायचं डोक्यातसुद्धा आलं नाही, कारण आबा माझे आणि म्हणून गोष्टही माझी, असं मी धरून चालले होते.

हा मजकूर लिहून झाल्यावर मी गावी जाऊन आबांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा मान हलवली, तेव्हा मी थांबून विचारलं, काय ऐकलंत ते सांगा. त्यांनी बरोबर सांगितलं. एक वाक्य काढायला लावलं. मग फॉर्मवर सही केली.