चिखलात उतरणाऱ्या बागल मॅडम

प्राणिशास्त्राच्या पहिल्याच तासाला बागल मॅडम फळ्यासमोर उभ्या राहून उजवा हात सावकाश वर नेत आणि झपकन खाली आणत. पुन्हा वर, पुन्हा खाली. वर्ग हसायचा. त्या थांबत नसत. हसणं आपोआप विरलं की म्हणत, "फिडलर खेकड्याचा नर मादीला असंच बोलावतो. नखाएवढा जीव, पण एक नांगी अंगाहून मोठी. कोण हसतंय याची त्याला फिकीर नाय."

मॅडम मूळच्या देवगाव रंगारीच्या. शहरात आयुष्य गेलं तरी बोली त्यांनी बदलली नाही. संभाजीनगरहून समुद्र रात्रभराच्या प्रवासावर. तरी दर हिवाळ्यात त्या मुलामुलींना कोकणातल्या एका खाडीवर नेत. प्राचार्यांनी सुचवलं, खेकडेच बघायचे तर पैठणच्या धरणावर जा. "धरणाला भरती-ओहोटी येत नाय, सर," एवढंच बोलून त्या तयारीला लागल्या.

माझ्या वडिलांनीही नकारच दिला होता. ते शेंद्र्याला कारखान्यात कामाला होते. पोरीला इतक्या लांब, तेही चिखल तुडवायला पाठवणार नाही म्हणाले. मॅडम थेट घरी आल्या. आईने केलेला चहा त्यांनी बाजूला ठेवला. आधी बोलणं होऊ द्या म्हणाल्या. वडिलांनी पुन्हा अंतराचंच काढलं.

"उद्या लग्न करून द्याल, तवा अंतर मोजणार हाय का?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

वडिलांनी मॅडमचा कप उचलला. मग आईला म्हणाले, "मॅडमचा चहा गार झाला. दुसरा टाक."

खाडीत पाऊल टाकताच सगळे खेकडे बिळांत गडप झाले. मॅडमनी आम्हाला हलू दिलं नाही. डास फोडून काढत होते. बऱ्याच वेळाने एक बाहेर आला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळा चिखल पांढऱ्या नांग्यांनी हलू लागला. मला रडू का आलं, अजून सांगता येत नाही. पुढे मी त्याच कॉलेजात शिकवू लागले.

मॅडम निवृत्त झाल्या आणि कॅन्सर निघाला. मुलाने प्रवासाला सक्त मनाई केली. त्या हिवाळ्यात सहल मी नेणार होते. गाडी सुटताना मॅडम पिशवी घेऊन हजर. "घरी पडून बरी होणार असते, तर पडले असते," म्हणाल्या. मुलाला फोनही त्यांनीच केला.

पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही. ती त्यांची शेवटची खाडी.

तिथे आम्ही त्यांच्यासाठी काठावर खुर्ची मांडली. त्यांनी ती चिखलात न्यायला लावली. दुपारी भरती लागली. पाणी चढण्याआधी हे खेकडे आत शिरून बिळाचं तोंड चिखलाने बंद करतात. एकेक बीळ मिटत गेलं. पाणी खुर्चीच्या पायांना लागलं तशी मी त्यांना उठवायला गेले. त्यांनी माझा हात बाजूला सारला. समोरच्या उंचवट्यावर एक नर अजून बाहेरच होता.

"त्यो हाय तवर मी पण हाय," त्या म्हणाल्या.

पाणी उंचवट्यापर्यंत आलं, तेव्हा तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. मग मॅडम उठल्या, साडीचा काठ खोचला आणि कुणाचाही आधार न घेता काठाकडे चालू लागल्या.